एका उलटतपासणीची साठ वर्षं

सॉक्रेटिसवर एक आख्खं पुस्तक लिहायचं, शेवटच्या पानापर्यंत आणायचं आणि मग शांतपणे त्याला केराची टोपली दाखवायची. हे ज्यांनी केलं, त्यांचं नाव ग्रेगरी व्लास्टॉस. काळ १९५०च्या दशकाचा. आइन्स्टाइन ज्या संस्थेत होते, त्या प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत व्लास्टॉस यांना वर्षभर निवांत लिहायला मिळालं होतं. शिकवण्याचा जाच नाही, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे नाहीत. वर्षअखेर हस्तलिखित तयार झालं. त्यांनी ते वाचलं आणि ते फसलं आहे असा निकाल स्वतःच दिला. तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. सॉक्रेटिसवरचं त्यांचं पुस्तक बाहेर पडलं ते १९९१ साली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गेले.

विद्यापीठातल्या माणसाच्या कारकिर्दीचा हिशेब आपण सहसा पुस्तकांवर करतो. त्या मापाने व्लास्टॉस तोट्यात निघतील. आयुष्यभरात जाडजूड ग्रंथ फार थोडे. बाकी सगळे लेख, तेही वीस-तीस पानांचे. त्यांतले कित्येक तर दुसऱ्या कुणाला दिलेलं उत्तर किंवा स्वतःच्याच आधीच्या लेखाचं खंडन. तरीही इंग्रजी जगात प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञान ज्या पद्धतीने आज शिकवलं जातं, त्या पद्धतीवर ज्या मोजक्या माणसांची छाप आहे, त्यांत ते अगदी वरच्या रांगेत बसतात. हे कसं झालं ते पाहण्यासारखं आहे.

जन्म १९०७चा, कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. ऑटोमन साम्राज्य अजून उभं होतं. वडील ग्रीक, आई स्कॉटिश. बॉस्फरसच्या काठी अमेरिकनांनी काढलेल्या रॉबर्ट कॉलेजात शिक्षण, तिथून पुढे अमेरिका. पण अमेरिकेला ते गेले धर्मशास्त्र शिकायला, शिकागोच्या सेमिनरीत. पुढे हार्वर्ड, आणि तिथे गुरू कोण, तर आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान म्हणजे प्लेटोवरच्या तळटीपा, अशा अर्थाचं त्यांचं वाक्य जगभर फिरतं, तेच हे व्हाइटहेड. १९३१ साली डॉक्टरेट झाली आणि लगेच कॅनडात, किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात नोकरी लागली.

जगभर मंदीची वर्षं होती ती. व्लास्टॉस ख्रिस्ती होते आणि समाजवादीही. हे दोन्ही एकत्र नांदू शकतं, नव्हे नांदलंच पाहिजे, असं मानणारा एक गट त्या काळात कॅनडात होता. १९३६ साली त्यांनी आर. बी. वाय. स्कॉट यांच्या जोडीने ‘टूवर्ड्स द ख्रिश्चन रेव्होल्यूशन’ नावाचा लेखसंग्रह संपादित केला. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या यादीत हे नाव आज उपरं वाटतं. मला मात्र त्यांच्या पुढच्या कामाची एक किल्ली इथेच दिसते.

कारण पाच वर्षांनी, १९४१ साली, त्यांनी लिहिलेला लेख ‘प्लेटोच्या विचारातली गुलामगिरी’ या विषयावर होता. अथेन्समध्ये गुलाम होते आणि प्लेटोला त्याचं काही वाटलं नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. काळाचा दोष म्हणून विद्वान ते बाजूला सारत. व्लास्टॉस यांनी ते सरकू दिलं नाही. प्लेटोच्या लेखी गुलामाकडे मत असतं, पण त्या मतामागचं कारण सांगण्याची कुवत नसते. म्हणून त्याच्यासाठी विचार दुसऱ्याने करायचा, त्याने हुकूम पाळायचा. एवढं दाखवून ते थांबले असते तरी लेख चांगलाच ठरला असता. पण पुढे ते म्हणाले, की हीच मालक-गुलामाची जोडी प्लेटो जिथे तिथे वापरतो. राज्यात शहाण्यांनी आज्ञा करायची, बाकीच्यांनी पाळायची. माणसात आत्मा मालक, शरीर चाकर. आणि ‘टायमिअस’मध्ये विश्वाची घडण सांगताना तर भौतिक कारणं ही दैवी बुद्धीची सेवेकरीच होतात. म्हणजे अथेन्सच्या घराघरातली एक व्यवस्था थेट तारामंडळापर्यंत जाऊन पोहोचली. अशा लेखनात एक धोका असतो: वाचणारा आपली आजची चीड जुन्या ग्रंथावर ओततो आणि मोकळा होतो. व्लास्टॉस चिडलेले असले तरी लेखात ते दिसत नाही. प्रत्येक विधानाला ग्रंथातली जागा दिलेली आहे.

जागा देणं म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं. या धंद्यातली निम्मी शिस्त त्यात आहे. १५७८ साली आंरी एस्तिएन नावाच्या मुद्रकाने प्लेटोचे सगळे संवाद छापले. लॅटिनमध्ये त्याचं नाव स्टेफानस. त्याच्या आवृत्तीतला पानाचा आकडा आणि पानाच्या तुकड्याचं अक्षर, हा प्लेटोच्या वाक्याचा पत्ता आजही चालतो. भाषांतर इंग्रजी असो, जर्मन असो की जपानी, समासात हे आकडे असतातच. ॲरिस्टॉटलचे पत्ते बेकरच्या १८३१च्या बर्लिन आवृत्तीवरून, सॉक्रेटिसपूर्व विचारवंतांचे तुटक अवशेष हर्मान डील्सने १९०३ साली लावलेल्या क्रमांकांवरून. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचा अध्याय आणि ओवी सांगितली की वाद कुठल्या शब्दांवर आहे ते कळतं, तसंच. ‘प्लेटो म्हणतो’ एवढ्यावर या वर्तुळात कुणी ऐकून घेत नाही. कुठे म्हणतो, कुणाच्या तोंडून म्हणतो आणि त्याच्या आधीच्या ओळीत काय आहे, हे सांगावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धात व्लास्टॉस कॅनडाच्या हवाई दलात होते. १९४८ साली ते कॉर्नेलला आले, आणि इथे त्यांच्या कामाला नवी धार चढली. कॉर्नेलच्या तत्त्वज्ञान विभागात तेव्हा मॅक्स ब्लॅक आणि नॉर्मन माल्कम होते. विटगेनस्टाइन १९४९ साली तिथे येऊन माल्कमकडे राहिले होते. ‘तुम्ही नेमकं काय म्हणताय, आणि त्यातून काय निष्पन्न होतं?’ हा प्रश्न त्या विभागात उठताबसता विचारला जाई. व्लास्टॉस चाळिशी पार केलेले, आणि तर्कशास्त्राची ही नवी हत्यारं ते बहुतांशी तिथे हाताळायला शिकले. मग ती घेऊन ते प्लेटोच्या सगळ्यात अवघड पानावर गेले.

ते पान ‘पार्मेनिडीज’ संवादातलं, १३२. संवादातला सॉक्रेटिस अजून तरुण आहे. समोर वृद्ध पार्मेनिडीज. सॉक्रेटिसने नुकताच आपला लाडका सिद्धांत मांडला आहे: जगात अनेक मोठ्या वस्तू आहेत, आणि त्या मोठ्या आहेत कारण ‘मोठेपण’ नावाच्या एका वेगळ्या, शाश्वत तत्त्वात त्यांचा वाटा आहे. पार्मेनिडीज विचारतो: बरं, तुझ्या त्या सगळ्या मोठ्या वस्तू आणि शिवाय ते ‘मोठेपण’, अशी सगळी मंडळी मनात एकत्र धर. ही सगळी मोठी दिसतात ना? मग ती मोठी दिसावीत म्हणून आणखी एक ‘मोठेपण’ नको का? आणि ते आलं, की त्यालाही रांगेत बसव. मग तिसरं, मग चौथं. आपल्या नैयायिकांनी याला सरळ अनवस्था म्हटलं असतं. ॲरिस्टॉटलच्या काळापासून या युक्तिवादाला ‘तिसरा माणूस’ म्हणतात, कारण तोच डाव ‘माणूस’ या तत्त्वावरही टाकता येतो.

दोन हजार वर्षं या उताऱ्यावर लिहिलं गेलं होतं. कुणी म्हणे प्लेटोने इथे स्वतःचा सिद्धांत सोडून दिला, कुणी म्हणे हा नुसता वाक्छल. व्लास्टॉस यांनी १९५४ साली ‘फिलॉसॉफिकल रिव्ह्यू’मधल्या लेखात वेगळाच प्रश्न घातला. पार्मेनिडीज जेवढं बोलतो तेवढ्यावरून ही अनंत रांग तर्काने निघते का? त्यांनी एकेक पायरी सुटी करून मांडली आणि दाखवलं, की निघत नाही. मधे दोन गृहीतं न बोलता वापरलेली आहेत. एक, ‘मोठेपण’ हे स्वतः मोठं आहे. दोन, एखादी गोष्ट मोठी असेल तर ती ज्याच्यामुळे मोठी, ते तिच्याहून वेगळंच असणार. पहिलं म्हणतं ‘मोठेपण’ मोठं आहे. दुसरं म्हणतं, मग ते ‘मोठेपणा’हून वेगळं आहे. म्हणजे ‘मोठेपण’ हे ‘मोठेपण’ नाही! अनंत रांगेपर्यंत जायचीसुद्धा गरज नाही; दुसऱ्याच पावलाला विसंगती. इतकी उघड विसंगती प्लेटोला दिसली कशी नाही? व्लास्टॉस यांचं उत्तर असं, की ही दोन गृहीतं प्लेटोने कधी उच्चारून पाहिलीच नव्हती. आपल्या सिद्धांतात काहीतरी बिनसलं आहे हे त्याला जाणवत होतं, नेमकं काय ते सापडत नव्हतं, आणि ती अडचण त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली.

या लेखाने मोहोळ उठवलं. १९५५ साली त्याच नियतकालिकात विल्फ्रिड सेलर्स यांचं उत्तर आलं, १९५६ साली पीटर गीच यांचं. दोघेही मुळात ग्रीकचे पंडित नव्हेत, अव्वल दर्जाचे तत्त्वज्ञ. प्लेटोच्या एका पानावर असे लोक भांडायला उतरले, हीच बातमी होती. व्लास्टॉस यांनी दोघांनाही उत्तर दिलं. मग कॉलिन स्ट्रँग आले, मार्क कोहेन आले. १९६९ साली व्लास्टॉस यांनी स्वतःच मूळ मांडणी मोडून पुन्हा बांधली, कारण टीकाकारांचे काही आक्षेप त्यांना पटले होते. १९५४चं त्यांचं उत्तर आज फार थोड्यांना जसंच्या तसं मान्य होईल. प्रश्न मात्र त्यांनी मांडला त्याच रूपात विचारला जातो.

इथे आपल्याकडचं एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. रामचंद्र दत्तात्रेय रानडे, म्हणजे गुरुदेव रानडे. जन्म जमखंडीचा, १८८६चा. फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापकी, पुढे अलाहाबाद विद्यापीठ. त्यांची ओळख राहिली ती संतवाङ्मयाचे भाष्यकार आणि निंबाळचे साधक म्हणून. पण ग्रीक विचारवंतांचाही त्यांचा व्यासंग मोठा होता. हेराक्लिटसवर त्यांनी लिहिलं आणि १९२६च्या उपनिषदांवरच्या इंग्रजी ग्रंथात ग्रीकांशी जागोजाग तुलना केली. रानडे साम्यं शोधतात: इथला अग्नी, तिथला अग्नी; इथली एकमेवाद्वितीयता, तिथली. व्लास्टॉस यांना साम्यात रस नव्हता, त्यांना सांधा कुठे निखळतो ते हवं होतं. रानड्यांची वाट कमी प्रतीची होती असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर प्रतिपक्ष उभा राहिला नाही. उपनिषदांच्या बाजूने त्यांना वाचणारे पुष्कळ मिळाले. ग्रीकांबद्दलचं त्यांचं म्हणणं खोडून काढायला मात्र पुढची पिढी सरसावलेली मला दिसत नाही. खंडन करणारा भेटला नाही, की विद्या तिथेच राहते.

व्लास्टॉस यांना खंडन करणारे भेटले, आणि त्यांतले बरेच त्यांनी स्वतः घडवले. १९५५ ते १९७६ ते प्रिन्स्टन विद्यापीठात होते. ग्रीक भाषेचे विद्यार्थी तत्त्वज्ञान टाळत आणि तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी ग्रीक. या दोन विभागांना एकत्र आणून अभ्यासक्रम आखण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तिथून निघालेल्यांत रिचर्ड क्राउट, अलेक्झांडर नेहामास, पॉल वुड्रफ, टेरेन्स अर्विन. ही नावं या विषयाच्या कुठल्याही ग्रंथसूचीत भेटतील.

अर्विन यांची गोष्ट विशेष. प्रिन्स्टनमधल्या प्रबंधातून वाढवलेलं त्यांचं ‘प्लेटोज मॉरल थिअरी’ हे पुस्तक १९७७ साली आलं. त्याचं म्हणणं ढोबळ शब्दांत असं: सॉक्रेटिसच्या लेखी सद्गुण हे सुख मिळवण्याचं साधन आहे. सुताराचं कौशल्य जसं खुर्चीसाठी, तसा चांगुलपणा सुखासाठी. साधन निराळं, साध्य निराळं. गुरूंना हे अजिबात पटलं नाही. ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये १९७८ साली त्यांनी पुस्तकावर सडेतोड परीक्षण लिहिलं. अर्विन यांनी पत्र लिहून उत्तर दिलं. व्लास्टॉस यांनी त्यावर पत्र लिहिलं. मग पुन्हा अर्विन. असं करत वाचकांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात सॉक्रेटिसच्या नीतिविचारावर गुरुशिष्यांची कित्येक महिने जुंपली होती. साप्ताहिक चाळणाऱ्या सामान्य वाचकाला त्यात किती गोडी वाटली असेल कुणास ठाऊक! भांडण मात्र खरं होतं. सॉक्रेटिस मरणदंड पत्करतो पण अन्याय करत नाही. चांगुलपणा हे त्याच्यासाठी केवळ साधन असेल, तर त्याच्या या वागण्याचा अर्थ कसा लावायचा? व्लास्टॉस यांच्या मते सद्गुण हा सुखाचा गाभाच आहे. बाकीच्या गोष्टींनी सुखात भर पडते, पण चिमूटभरच. अर्विन आपल्या जागेवरून फारसे हलले नाहीत. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती अशी.

साठी उलटल्यावर माणसं सहसा आधी म्हटलेलं सांभाळत बसतात. व्लास्टॉस यांची सर्वांत धाडसी वर्षं तेव्हा सुरू झाली. १९७६नंतर ते बर्कलीला शिकवू लागले, १९८१ साली सेंट अँड्र्यूज विद्यापीठात गिफर्ड व्याख्यानं दिली, आणि सगळा जोर सॉक्रेटिसच्या उलटतपासणीवर लावला. सॉक्रेटिस काय करतो? समोरच्याकडून एक विधान काढून घेतो. मग आडवळणाने दोन-चार गोष्टी कबूल करवतो. मग दाखवतो, की या कबुल्या आणि मूळ विधान एकत्र नांदत नाहीत. ‘गॉर्जिअस’मध्ये पोलस म्हणतो, अन्याय सोसणं हे अन्याय करण्यापेक्षा वाईट. सॉक्रेटिस त्याला म्हणतो, साक्षीदारांची फौज नको, तू एकटा माझ्या बाजूने साक्ष दिलीस तरी पुरे. पोलस एकेक कबुली देत जातो आणि शेवटी अडकतो. सॉक्रेटिस जाहीर करतो, माझं म्हणणं खरं ठरलं.

पण थांबा, ठरलं कसं? पोलसच्या बोलण्यात विसंगती आहे, एवढंच सिद्ध झालं. चूक मूळ विधानात आहे की मधल्या कबुल्यांत? पोलस उलटून म्हणू शकला असता, ‘बरं, मग ती दुसरी कबुली मी मागे घेतो.’ १९५६ साली ‘प्रोटॅगोरस’च्या प्रस्तावनेत व्लास्टॉस यांनी म्हटलं होतं, की सॉक्रेटिस विसंगतीच दाखवतो, त्यापलीकडे त्याचा दावा नाही. १९८३ साली त्यांनी ते मत उघडपणे मागे घेतलं. ग्रंथ वेगळं सांगतो. सॉक्रेटिस ‘सिद्ध झालं’ असंच म्हणतो. मग त्याच्या मनात आणखी काही गृहीत असलं पाहिजे. ते असं: नीतीबाबत खोटं मत बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात, त्याच वेळी, त्या मताला उलथवणारी खरी मतंही असतातच. ‘गॉर्जिअस’मध्येच (४७४ बी) याचा दुवा सापडतो. सॉक्रेटिस पोलसला सांगतो, की माझ्यासारखंच तूही मानतोस, नि इतर सगळेही मानतात, की अन्याय करणं हे सोसण्याहून वाईट. पोलस तोंडाने नाही म्हणत असतानाच! म्हणजे पोलसने एक कबुली मागे घेतली, तरी सॉक्रेटिस दुसऱ्या कबुलीतून तिथेच पोहोचणार, अशी त्याची खात्री. हा लेख ‘ऑक्सफर्ड स्टडीज इन एन्शंट फिलॉसॉफी’ या वार्षिकाच्या पहिल्याच खंडात आला, आणि त्याच खंडात त्यावर आक्षेप घेणारं टिपणही छापलं होतं. टिपण कुणाचं? रिचर्ड क्राउट यांचं, प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्याचं.

१९९०च्या सुमाराला, वयाची ऐंशी उलटल्यावर, त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. तरुण होतकरूंना मिळणारी म्हणून ती ओळखली जाते, त्यामुळे हा योग थोडा गमतीचाच. पुढच्या वर्षी ‘सॉक्रेटिस: आयरनिस्ट अँड मॉरल फिलॉसॉफर’ आलं. त्यात त्यांचा सगळ्यात मोठा दावा आहे. प्लेटोच्या संवादांत एक नव्हे, दोन सॉक्रेटिस आहेत. आरंभीच्या संवादांतला (‘अपॉलॉजी’, ‘क्रिटो’, ‘गॉर्जिअस’ वगैरे) नीतीखेरीज कशाबद्दलच बोलत नाही, आपल्याला ज्ञान नाही असं सांगतो, आणि बाजारात भेटेल त्याला धरून प्रश्न विचारतो. मधल्या काळातला (‘फीडो’, ‘रिपब्लिक’) अमर आत्म्याबद्दल, शाश्वत तत्त्वांबद्दल, आदर्श राज्याबद्दल बोलतो, गणित त्याला अवगत आहे आणि उच्च ज्ञान निवडक लोकांसाठी राखून ठेवावं असं त्याचं मत आहे. असे दहा भेद व्लास्टॉस यांनी मांडले. पहिला ऐतिहासिक सॉक्रेटिसच्या जवळचा, दुसरा प्लेटोचा मुखवटा. मधे काय घडलं? प्लेटो गणित शिकला, हे त्यांचं उत्तर. ‘मेनो’मध्ये गुलाम मुलाकडून चौरस दुप्पट करवून घेण्याचा प्रसंग हा त्यांना सांधा वाटतो. उलटतपासणी मागे पडते आणि भूमितीची सिद्धता आदर्श होते.

सॉक्रेटिसवर दुसरं पुस्तकही चालू होतं, ते अपुरं राहिलं. माइल्स बर्नयेट यांनी त्यातले लेख जुळवून १९९४ साली ‘सोक्रॅटिक स्टडीज’ काढलं. पुढच्या वर्षी डॅनिएल ग्रॅहम यांनी विखुरलेल्या लेखांचे दोन खंड संपादित केले. पाठोपाठ हल्लेही आलेच. चार्ल्स कान यांनी १९९६च्या पुस्तकात म्हटलं, की ते आरंभीचे संवाद म्हणजे सॉक्रेटिसचं चित्र नव्हेच. प्लेटो सुरुवातीपासून आपल्याच मोठ्या सिद्धांताकडे वाचकाला हळूहळू नेत होता. १९९७ साली प्लेटोच्या समग्र इंग्रजी भाषांतराचा जाडजूड खंड निघाला, जो आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती असतो. त्याच्या प्रस्तावनेत संपादक जॉन कूपर वाचकांना बजावतात, की ‘आरंभीचे’ आणि ‘मधले’ ही वर्गवारी डोक्यात ठेवून संवाद वाचू नका. कूपर शिकवत होते प्रिन्स्टनलाच.

दोन सॉक्रेटिसांचा सिद्धांत मला स्वतःला पूर्ण पटत नाही. दहा भेदांतले तीन-चार ताणून बसवल्यासारखे वाटतात, आणि गणिताने एवढं सगळं उलथलं यावर विश्वास ठेवायला पुरावा तोकडा पडतो. पण पोलसच्या प्रसंगाबद्दलचा प्रश्न अजून मिटलेला नाही. व्लास्टॉस यांचं उत्तर नाकारणारे काही म्हणतात, सॉक्रेटिसने कधी काही सिद्ध केल्याचा दावा केलाच नाही. तसं म्हणणाऱ्याला ‘गॉर्जिअस’च्या त्या पानांवर परत जावं लागतं आणि तिथली वाक्यं कशी वाचायची ते सांगावं लागतं.